मांजराचं ऑपरेशन : भूल देण्याआधी घरी काय तयारी करावी?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

आमच्या चिंगीचं पुढच्या आठवड्यात नसबंदीचं ऑपरेशन ठरलंय. अंगणात जन्मलेली गावठी मांजर, वय दीडेक वर्ष. आताची पिल्लं दूध सोडून भाकरी खायलीत, त्यांना घरंही चांगली मिळालीत. म्हणून म्हटलं, पुन्हा गाभण राहायच्या आत उरकून घ्यावं.

आम्ही सेलूला राहतो, ऑपरेशन परभणीला आहे. डॉक्टर चांगले आहेत, पण फोनवर बोलणं एवढंच झालं, "रात्री आठनंतर काही खाऊ घालू नका आणि सकाळी घेऊन या." फोन ठेवला आणि मग एकेक प्रश्न सुचायला लागले. मला चिरफाडीची तेवढी भीती नाही, भुलीची आहे. एवढासा जीव, तीन किलोसुद्धा भरत नाही. घरात सासूबाई म्हणायल्यात, मांजर दगावलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, तू कशाला हे ओढवून घ्यायलीस? रागानं नाही म्हणत त्या. चिंगी रोज त्यांच्याच पायाशी झोपते.

ज्यांनी मांजराचं ऑपरेशन करून घेतलंय त्यांनी सांगा. पाणी कधी बंद करायचं? रक्त तपासायला लावायचं का? आणि एवढ्या लांब न्यायचं कसं? ही पिशवीत घातली की पिशवी फाडते.

मांजराकाठ

आमच्या बोक्याच्या वेळी रात्रीपासून अन्न-पाणी दोन्ही बंद केलं होतं. काही झालं नाही. डॉक्टर सांगतील तसं करा, फार खोलात जाऊ नका ताई. खच्चीकरण तर दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं.

लातूरची_लेक

@मांजराकाठ, तुमचा आयडी बघून वाटलं या धाग्यासाठीच घेतलाय की काय. :)

पण रात्रभर पाणीसुद्धा बंद? आपल्याकडच्या उन्हाळ्यात? परभणीत पारा ४२-४३ ला असतो आणि तुम्ही मांजराला निर्जळी करायला लावता. शिवाय बोक्याचं काम वरवरचं असतं, मादीचं पोट उघडावं लागतं. दोन्हीला एकाच मापानं मोजू नका.

मांजराकाठ

आमच्या भागात बीड, धाराशिव, लातूर तिन्ही जिल्ह्यांना मांजरा नदी पाजते, त्यामुळे आयडीवर हक्क माझाच. पाण्याचं मात्र खरंच जाणकारांनी सांगावं.

हुरडाप्रेमी

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. गावठी मांजराला "उपाशी ठेवा" म्हणजे नुसतं वाटीत काही घालू नका असं नव्हे. संध्याकाळीच घरात कोंडा. आमच्या शेजारच्या काकूंनी रात्री जेवू घातलं नाही, सकाळी नेलं, भुलीचं पहिलं इंजेक्शन दिलं आणि मांजरानं अख्खा उंदीर ओकून टाकला. रात्री ज्वारीच्या पोत्यांमागं शिकार झाली होती. डॉक्टरांनी त्या दिवशी ऑपरेशन केलं नाही, परत पाठवलं. बरं केलं त्यांनी.

खोलीत उंदीर, पाल, झुरळ, खरकटं काहीही नको. देवघरातलं नैवेद्याचं दूधसुद्धा उचला.

बालाघाटी

मी पशुवैद्य. अंबाजोगाई, केज, धारूर या भागात सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, आता निवृत्त आहे. आयुष्य गाई-म्हशी-शेळ्यांत गेलं, मांजरं पुढंपुढं वाढली. नीट सांगतो, पण चिंगीला हात लावून बघणारा डॉक्टर सांगेल तोच शब्द शेवटचा.

उपास कशासाठी? भुलीत गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया थांबते. पोटातलं वर आलं तर ते थेट श्वासनलिकेत जातं आणि फुप्फुसात सूज धरते. त्यात आपल्याकडं सर्रास वापरतात ते झायलाझिन हे गुंगीचं औषध मांजराला हमखास उलटी करवतं. हुरडाप्रेमींनी सांगितलेला उंदीर त्यानंच बाहेर काढला असणार. शुद्धीवर असताना आला म्हणून निभावलं.

पण उपास जितका लांब तितका चांगला, हेही खरं नाही. फार वेळ पोट रिकामं राहिलं की आम्लपित्त वाढतं आणि तेच वर येतं. निरोगी मोठ्या मांजराला सहा ते आठ तास पुरतात, आता काही ठिकाणी चार ते सहासुद्धा सांगतात. म्हणून डॉक्टरांना विचारायचं, "चिंगीला टेबलावर किती वाजता घेणार?" आणि तिथून मागं मोजायचं. दुपारी बाराचं काम असेल तर रात्री आठपासून सोळा तास होतात, ते जास्त आहेत. पाणी सकाळी निघेपर्यंत ठेवायला सहसा हरकत नसते. दूध म्हणजे पाणी नव्हे, ते अन्नातच धरा.

दोन अपवाद. तीन-चार महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवू नये, त्याची रक्तातली साखर झपाट्यानं उतरते. दोन-तीन तासच पुष्कळ. आणि मधुमेहाच्या मांजराचा उपास व इन्सुलिन डॉक्टरनंच ठरवायचं.

आता भुलीच्या भीतीबद्दल. ब्रिटनमध्ये फार मोठ्या संख्येनं जनावरांची पाहणी झाली होती, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात निरोगी मांजरांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यू साधारण ९०० मागे १ होता आणि आजारी मांजरांत ७० मागे १. याचा अर्थ मांजर निरोगी असताना ऑपरेशन केलं तर धोका कितीतरी कमी. सासूबाईंना हे जरूर सांगा. नसबंदी टाळून पुढं गर्भाशयात पू झाला तर तेच ऑपरेशन तापात, अशक्त अवस्थेत, रातोरात करावं लागतं.

लातूरची_लेक

+१. माहेरच्या मांजरीला तसाच पू झाला होता. सारखं पाणी प्यायची, खाणं सोडलं, पोट टम्म. घरचे म्हणत होते गाभण आहे.

खामकाठी

बालाघाटी काका, मुद्दा मान्य, पण ती आकडेवारी ब्रिटनची आहे. तिथं गॅसचं मशीन, ऑक्सिजन, भुलीवर लक्ष ठेवायला वेगळी नर्स. आपल्याकडं तालुक्याच्या गावात केटामाइन या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन दिलं, टेबलावर घेतलं, डॉक्टर एकटेच. ९०० मागे १ हा आकडा ऐकून ताई निर्धास्त झाल्या तर ते बरोबर होणार नाही.

माझी पर्शियन आहे, संभाजीनगरला. चपट्या नाकाच्या मांजरांना मुळातच श्वासाचा त्रास, त्यामुळे मी दवाखाना निवडताना सरळ विचारलं होतं : श्वासनलिकेत नळी घालता का? ऑक्सिजन आहे का? भूल देणारा आणि टाके घालणारा माणूस वेगळा आहे का? पुरती शुद्ध येईपर्यंत कोण थांबतं? एका दवाखान्यात या प्रश्नांवर चिडले, तिथून मी निघाले. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी आत नेऊन मशीन दाखवलं. पर्शियन आणि मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असतो, बाहेरून काही कळत नाही, म्हणून त्यांनी हृदयाची सोनोग्राफीही करवून घेतली.

बालाघाटी

खामकाठी, तुमचं म्हणणं योग्य आहे, आणि प्रश्नही बरोबर विचारलेत. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट सांगायची राहिली. दगावलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशन संपल्यावर दगावली, त्यातली बहुतेक पहिल्या तीन तासांत. म्हणजे टाके पडले, आता घरी घेऊन जा, असं म्हणण्याची ती वेळच नव्हे. मशीन नसलं तरी माणूस शेजारी बसू शकतो. गोदाकाठची, तुम्ही दुपारपर्यंत तिथंच थांबायची तयारी ठेवून जा. मान उचलून बसल्याशिवाय, अंगाला ऊब आल्याशिवाय हलवू नका.

उदगीरचा_विद्यार्थी

मी उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. परभणीलाही आमच्याच विद्यापीठाचं महाविद्यालय आहे आणि तिथं जनावरांचं रुग्णालय आहे. ताई परभणीलाच जात असतील तर तेही डोक्यात असू द्या.

रक्ताबद्दल : चिंगी तरुण आहे, तरी निदान हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि किडनीसाठी क्रिएटिनिन बघून घेतलेलं बरं. नुकतीच पिल्लं पाजलेल्या मांजरीत रक्त कमी असू शकतं. सात-आठ वर्षांपुढच्या मांजराला तर किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या सोडूच नका.

आणि एक महत्त्वाचं. घरात, गोदामात किंवा शेजारी उंदराचं औषध टाकलंय का? ब्रोमॅडिओलोनच्या केकनं मेलेला उंदीर मांजरानं खाल्ला तर तिच्या रक्ताची गोठण्याची ताकद जाऊ शकते. वरून मांजर ठणठणीत दिसतं, पोट उघडल्यावर रक्त थांबत नाही. गेल्या महिन्याभरात असं काही टाकलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

गोदाकाठची

बाप रे. शेजारी अडत दुकान आहे, तिथं उंदराचे केक टाकतात हे मला माहीत आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. उद्याच डॉक्टरांना फोन करते.

उदगीरचा_विद्यार्थी

नक्की करा. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे तपासता येतं, आणि गरज पडली तर व्हिटॅमिन के देऊन ऑपरेशन पुढं ढकलता येतं. बाकी सांगायच्या गोष्टी : माजावर आहे का, पुन्हा गाभण असण्याची शक्यता आहे का, शिंका-सर्दी, जुलाब, आधी कधी भूल दिली होती का, सध्या कुठलं औषध चालू आहे का. लस राहिली असेल तर तेही आत्ताच विचारा. दवाखान्यात आजारी मांजरं येतात, आणि लस दिल्या दिवशी लगेच संरक्षण मिळत नाही.

नांदेडी_काका

पिशवीचं मी सांगतो. पिशवी, पोतं, पाटीवर फडकं बांधून न्यायचं, हे सगळं सोडा. दवाखान्याच्या दारात कुत्रं भुंकलं की मांजर फडकं फाडून पळतं आणि परक्या गावात सापडत नाही. प्लॅस्टिकची वर उघडणारी पेटी घ्या. नाहीच मिळाली तर भाजीचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून चारी बाजूंनी सुतळीनं घट्ट आवळा.

पेटी आजच घरात उघडी ठेवा. आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाका आणि रोजचं खाणं पेटीतच द्या. जायच्या दिवसापर्यंत ती आपणहून जाऊन झोपायला लागते. ऐन सकाळी माळ्यावरून पेटी काढली तर मांजर पलंगाखाली आणि घरातली चार माणसं झाडू घेऊन मागं. असं घाबरलेलं, चवताळलेलं मांजर भुलीला चांगलं नसतं, त्याला औषधही जास्त लागतं.

जाताना पेटीवर पातळ सुती कापड टाका, हवा खेळू द्या. उन्हाळ्यात पहाटे निघा. गाडी उन्हात उभी करून मांजर आत ठेवून "दोन मिनिटांत येतो" हे कधीही नाही.

हुरडाप्रेमी

वजनाचं पण बघा. भुलीचा डोस वजनावर ठरतो आणि प्रत्येक दवाखान्यात छोट्या जनावराचा काटा असतोच असं नाही. अंदाजानं "असेल तीन किलो" म्हणणं तीन किलोच्या जिवाला परवडत नाही. आम्ही किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी रिकामी पेटी ठेवली, मग बोक्यासकट. दुकानदारानं आनंदानं करून दिलं, वर म्हणाला, "भाव काय लावायचा?"

सह्याद्रीपल्याड

एवढं सगळं मांजरासाठी? आमच्या लहानपणी मांजरं अशीच वाढली, अशीच गेली.

लातूरची_लेक

अशीच गेली, हेच तर टाळायचंय.

खामकाठी

ताई, एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा, नाहीतर बघून पोटात गोळा येईल. केटामाइनमध्ये मांजराचे डोळे मिटत नाहीत. माझी शुद्धीवर यायच्या आधी दिसली तेव्हा डोळे सताड उघडे, बाहुल्या पार काठापर्यंत पसरलेल्या, पापणी लवत नव्हती, जीभ जराशी बाहेर आणि हनुवटीखालचं फडकं लाळेनं भिजलेलं. मला वाटलं संपलं. डॉक्टरांनी शांतपणे माझा हात तिच्या बरगडीवर ठेवला, श्वास चालू होता. डोळे कोरडे पडून बुबुळाला इजा होऊ नये म्हणून आत मलम घातलेलं होतं, त्यानं ते आणखीच काचेसारखे दिसत होते. तेव्हा मलम घातलंय का, हे विचारून घ्या.

बालाघाटी

घरी आणल्यावर काय करायचं, ते आताच ठरवून ठेवा.

खोली छोटी, जमिनीवर गादी. पलंग, खुर्ची, ओटा नको, कारण तोल गेलेला असतो आणि ती उडी मारायला बघते. भुलीत अंग गार पडतं, अगदी मे महिन्यातसुद्धा. कूलरच्या झोतात ठेवू नका. गरम पाण्याची पिशवी दिलीत तर जाड टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवा. थेट अंगाखाली ठेवली तर चटका बसतो आणि गुंगीत तिला सरकता येत नाही.

नीट चालायला लागल्यावर आधी घोटभर पाणी, ते टिकलं तर थोडंसं खाणं. पहिल्या रात्री कमी खाल्लं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशीही तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना कळवा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठायला लागते, त्यातून नवं दुखणं उभं राहतं.

शी-शूसाठी वाळू किंवा चुलीची राख ठेवत असाल तर काही दिवस बंद, टाक्यात जाते. फाडलेला वर्तमानपत्राचा कागद ठेवा. फरशी फिनाइलनं पुसू नका, मांजराला ते विषारी आहे. टाक्यांवर हळद, तेल काही लावायचं नाही, ती चाटणारच. गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घाला, किंवा तान्ह्या बाळाचं झबलं शेपटीला भोक पाडून.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा. वेदना होत असतील म्हणून पॅरासिटामॉल द्यायची नाही. अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाचं यकृत ज्या रीतीनं ती पचवतं ती रीत मांजरात जवळजवळ नसतेच. आयबुप्रोफेनही नाही. वेदनेचं औषध डॉक्टरांकडूनच मागून घ्या, आणि आवर्जून मागा, कारण मांजर दुखतंय म्हणून ओरडत नाही, कोपऱ्यात अंग चोरून बसतं.

मांजराकाठ

पाण्याबद्दलचं माझं मत बदललं. हा धागा जपून ठेवतोय.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑपरेशन झालं, चिंगी घरी आहे.

उंदराच्या केकचं सांगितल्यावर डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. गोठण्याचं ठीक निघालं, पण हिमोग्लोबिन कमी होतं. म्हणून तारीख पुढं ढकलून रक्तवाढीचं औषध आणि चांगलं खाणं दिलं, मग दुसऱ्यांदा तपासून टेबलावर घेतलं. वेळ विचारल्यावर सकाळी पहिलाच नंबर दिला, त्यामुळे उपासही बेतानं झाला. पेटीत लुगड्याचा तुकडा टाकल्यावर ती दुसऱ्या दिवसापासूनच आत झोपायला लागली होती. सासूबाई परभणीला बरोबर आल्या. शुद्ध येईपर्यंत त्याच शेजारी बसून होत्या, मी बाहेर औषधं आणायला गेले तरी त्या उठल्या नाहीत.

एकच अडचण. घरातली दुसरी मांजर, चिंगीचीच मागची लेक, तिच्यावर फिस्कारायली. ओळखच दाखवत नाही.

उदगीरचा_विद्यार्थी

दवाखान्याचा वास आहे तो. दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. एकच सुती फडकं आधी लेकीच्या गालांवर फिरवा, मग चिंगीच्या अंगावर, टाक्यांपासून लांब. जेवण दाराच्या दोन्ही बाजूंना द्या. टाके वरचे असतील तर साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात, तोवर गच्ची आणि अंगण बंद. टाक्यांतून पाणी-पू आला, सूज वाढली किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर वाट न बघता दाखवा.

बालाघाटी

डॉक्टरांनी तारीख पुढं ढकलली हे फार चांगलं केलं.

वसमतकर

धागा वर काढतोय, माफ करा. आमचा बोका सकाळपासून सारखा राखेत जाऊन बसायला, जोर करतो, ओरडतो, पण लघवीचा थेंब नाही. खाणं बंद. नांदेडचे डॉक्टर म्हणाले भूल देऊन नळी घालावी लागेल. इथं वाचलं म्हणून आता उपाशी ठेवून उद्या सकाळी न्यावं म्हणतोय. बरोबर आहे ना?

बालाघाटी

नाही. आत्ता निघा. हा सगळा धागा ठरवून केलेल्या ऑपरेशनचा आहे, तुमचं तसं नाही. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत खेळ खलास होतो. शेवटचं कधी आणि काय खाल्लं तेवढं डॉक्टरांना सांगा, पुढचं ते बघतील. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न घरी करू नका, मूत्राशय फुटतं.

नांदेडी_काका

वसमतकर, मी नांदेडातच आहे. रात्रीचा दवाखाना शोधायला मदत हवी असेल तर निरोप टाका, जागा आहे मी.

वसमतकर

निघालो. पेटी नाही, क्रेट बांधलेत सुतळीनं.

वसमतकर

नळी घातली. आधी सलाईन लावून, रक्त तपासून, मग अगदी हलकी भूल दिली. पोटॅशियम वाढलेलंच होतं. दोन-तीन दिवस इथंच ठेवणार आहेत. काका रात्रभर सोबत होते. घरी आणल्यावर पुन्हा अडू नये म्हणून काय करावं?

बालाघाटी

कोरडं दाणेदार खाणं देत असाल तर बंद करा, ओलं द्या. जे द्याल त्यात पाणी घाला. पाण्याच्या वाट्या घरात तीन-चार ठिकाणी ठेवा, खाण्याच्या वाटीपासून लांब. राखेची पाटी रोज साफ करा, घाण असली की मांजर लघवी धरून ठेवतं. आणि घरी आल्यावर पहिला आठवडाभर दिवसातून दोनदा बघा, राख कितपत भिजलीय ते.